खळ्यावरची सूर्यमाला

हळद शिजायला लागली की आमच्या गावाला वेगळाच वास येतो. ओली माती उकळावी आणि त्यात कुणी आलं ठेचून टाकावं, तसा काहीसा. तो कपड्यांत बसतो, केसांत बसतो, भाकरीच्या घासाबरोबर तोंडात येतो. कुरुंद्याच्या आसपासच्या सगळ्याच गावांत ते दिवस असे जातात. शेतातून हळद काढणाऱ्या बायांचा गलका, घरोघरी घाईघाईत थापलेल्या भाकरी, आणि पहाट झाली की ट्रॅक्टरमागं बांधून आणलेल्या कुकरची फुसफुस. हा कुकर म्हणजे पाण्याची मोठी टाकी, तिच्याखाली जाळ, आणि बाजूला पुरुषभर उंचीचे लोखंडी ढोल. त्या ढोलांत वाफेवर हळकुंडं शिजतात आणि मग गरम गरमच खळ्यावर ओततात. आमच्या भागात हा कुकर शंकर राठोडांचा होता. तांडा आमच्या गावापासून जवळच. त्यांची पोरगी पूनम आमच्याच शाळेत चौथीला होती.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. भाजी निवडायला घेतली की उठून ओट्यावर यायचे, ओट्यावरून परसात, परसातून पुन्हा चुलीपाशी. माय म्हणायची, "पायाला भिंगरी लागली का गं तुह्या? बस की जरा टेकून." मी टेकायचे आणि पुन्हा उठायचे. कारण सांगायला मला तेव्हा शब्द नव्हते. मी वसमतला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी घेऊन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. उत्तरं पाठ करून मला मार्क बरे पडायचे, पण वर्गात सरांनी इंग्रजीत साधं काही विचारलं तरी मी बाकाकडं बघत राहायचे. आणि इकडं गावात आबा पारावर बसून सांगायचे, "माही पोरगी विंग्रजी शिकून राहिली." आबांना स्वतःची सही करताना घाम फुटतो. त्यांचं ते सांगणं ऐकलं की मला कुठंतरी पळून जावंसं वाटायचं.

त्या सांगण्यातूनच माझा वर्ग सुरू झाला. एक बाई म्हणाली, माझ्या लेकराला शिकव. मग दुसरी म्हणाली. बघता बघता दुसरी ते पाचवीची वीसेक पोरं संध्याकाळी जमायला लागली. मी पुस्तकातल्यासारखी सफरचंदापासून सुरुवात केली. पण आमच्याकडं सफरचंद घरात येतं ते कुणी आजारी पडल्यावर. "ॲपल" म्हटलं की एक पोरगा विचारायचा, "ताई, कोण बिमार हाय?" आठवडाभरात पोरं कंटाळली, मीही कंटाळले. मग एक दिवस मायनं डबे ठेवायच्या फळीवर अंथरलेला जुना तक्ता बदलायला काढला. शाळेतून कधीतरी रद्दीत आलेला, सूर्यमालेचा. तेलाचे गोल डाग पडलेले, त्यामुळे आठ ग्रहांपेक्षा जास्तच ग्रह दिसायचे. मी तो वर्गात नेला. त्या संध्याकाळी पोरं घरी जाईनात. शनीला कडी का आहे, चंद्रावर शेत असतं का, तिथं हळद येईल का. मी म्हणाले, "विचारा, पण इंग्रजीत." आणि ती अडखळत का होईना, विचारायला लागली.

आता मी बी.एड. करते आहे. पाठ घेताना आम्हाला वहीत उद्दिष्टं लिहावी लागतात, मुलांना अमुक करता येईल, तमुक करता येईल. त्या संध्याकाळचं उद्दिष्ट काय होतं, हे मला अजून नीट लिहिता येणार नाही. कदाचित मलाच काहीतरी विचारायचं होतं आणि पोरांच्या आडून मी ते विचारत होते. वर्गाचे दोन नियम मात्र आपोआप ठरले. रोज प्रत्येकानं एक "व्हाय" विचारायचा. आणि मी इंग्रजीत जे वाक्य बोलेन ते सगळ्यांनी तीनदा म्हणायचं.

जागा गयाकाकूनं दिली. गयाकाकू आमच्या भावकीतली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वतःची शेती स्वतः बघणारी. गावाला लागूनच तिचा आखाडा: गुरांचा गोठा, पत्र्याची एक खोली आणि पुढं चोपून घट्ट केलेलं मोठं खळं. खळ्याच्या मधोमध तिवडा होता, मळणीच्या वेळी बैल ज्याभोवती फिरवायचे तो खांब. आता मळणी यंत्रावर होते, पण काकूनं तिवडा उपटला नव्हता. त्याला वासरू बांधायची. वासरू सोडून मी तिवड्याला सूर्य केलं. दोरी बांधून भोवती आठ वर्तुळं काढली. आमच्या घरी भिंतींसाठी मडक्यात पाण्याखाली चुना भिजत ठेवलेला असायचा. तो दाटसर कालवून तांब्याच्या धारेनं रेघा ओढल्या. एकेका रेघेवर एकेक पोरगं उभं केलं. "आय ॲम अर्थ. आय गो अराउंड द सन." पोरं फिरायला लागली आणि गोठ्याच्या दारात उभी असलेली काकू पदर तोंडाला लावून हसली.

"अगं, ही तर मळणी चालू झाली की! पण तुही बैलांची पात चुकली. तिवड्याजवळ म्हातारा बैल जुंपत्यात, त्याला कमी चालावं लागतं. तू तर बारकं पोरगं बांधलं तिथं."

"काकू, तो बुध हाय. त्याचं वर्ष लवकर संपतं."

"मंग म्हाताऱ्याचंच बराबर हाय. माही वर्षं बी लवकर संपून राहिलीत."

काकूची अट एकच होती. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून हळद शिजायच्या आधी खळं झाडून, शेणानं सारवून द्यायचं ते मी. मी आनंदानं हो म्हणाले होते.

मंगळ पूनम व्हायची. ती बारीक, काळ्या डोळ्यांची, आणि हट्टी. इतर पोरं व्हाय विचारायचा म्हणून विचारायची, पूनम उत्तर मिळेपर्यंत बसायची नाही. एकदा तिनं विचारलं, "ताई, व्हाय मार्स रेड?" मला माहीत नव्हतं. कॉलेजच्या वाचनालयात शोधलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की तिथल्या मातीत लोखंड आहे, त्याला गंज चढलाय. "मार्स इज रेड. मार्स हॅज रस्ट." पोरांनी तीनदा म्हटलं. पूनमनं त्या दिवशी घरी जाईपर्यंत दिसेल त्या लाल तांबड्या वस्तूला विचारलं असेल, "रस्ट?" विळ्याला, जुन्या सायकलीला, काकूच्या गोठ्याच्या कौलालासुद्धा.

काकूची हळद सोमवारी शिजायची होती. आणि सोमवारीच माझी कॉलेजात इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. शनिवारी मी पोरांच्या पायांनी पुसट झालेल्या रेघा पुन्हा ठसठशीत काढल्या होत्या. रविवारी संध्याकाळी मी खळ्यावर गेले, पण डोक्यात उत्तरं फिरत होती आणि ओठ हलत होते. खराट्यानं झाडलं. रेघा पुसट झाल्या, गेल्या नाहीत. वर पाणी मारलं, ओल्या मातीत त्या दिसेनाशा झाल्या. शेण कालवून सारवायला तासभर लागला असता. काकूनं खोलीतूनच विचारलं, "झालं का गं सारवून?" मी म्हणाले, "झालं काकू." हे दोन शब्द बोलायला मला अजिबात अडखळावं लागलं नाही, हे मला आजही खटकतं.

परीक्षेत माझं बरं झालं. पाठ केलेलंच विचारलं. गावात आले तेव्हा काकूच्या खळ्यावर पिवळीधम्मक हळद पसरलेली होती आणि शंकरभाऊ ढोल धुऊन कुकर ट्रॅक्टरला जोडत होते. तीन दिवसांनी काकूनं हळद वरखाली करायला दोन बाया लावल्या. शाळा सुटून पोरंही तिथंच आली होती. बायांनी लाकडी दाताळ्यानं थर ओढला आणि खालची हळकुंडं वर आली, तर त्यांतली कितीतरी लाल. कुठं ठिपका, कुठं अख्खी बाजू, कुंकवात बुडवल्यासारखी. दाताळं फिरेल तशी ती सगळीकडं मिसळत गेली. काकूनं एक उचलून नखानं खरवडलं.

"हे काय झालं गं माय?"

पूनम पुढं झाली. तिचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. "ताई, रेड! रस्ट! रस्ट!"

"काय म्हणून राहिली ही?" काकूनं विचारलं.

दुसऱ्या एका पोरानं लगेच सांगितलं, "गंज म्हणती, काकू. मंगळावर असतो तो."

"गंज?" काकू थांबली. हातातल्या हळकुंडाकडं बघितलं, मग रस्त्याकडं, जिकडून कुकर येतो तिकडं. "व्हय की. जुनेच हायेत त्याचे ढोल."

मला त्याच क्षणी कळलं होतं. पाय मुरगळला की माय हळद आणि चुना कालवून लेप लावते, तो असाच लाल होतो. आमच्या गावात हे न माहीत असलेलं माणूस नाही. पण खळ्यावर चुना उघडाच राहिलाय हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. ते मलाच माहीत होतं, आणि मी सारवलंय असं सांगून बसले होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पूनमला मात्र आपण काय बोललो ते तेव्हा उमगलं. ती मागं सरकली आणि तांड्याकडं निघून गेली.

शंकरभाऊ त्याच संध्याकाळी कुकर घेऊनच आले. त्यांनी गळ्यातला पांढरा पंचा ढोलाच्या आतून फिरवला आणि सगळ्यांसमोर धरला. "बघा काकू, कुठं हाय गंज?" पंच्यावर एक फिकट तपकिरी पट्टा आला होता. लोखंडच ते, तेवढं येणारच. पण बघणाऱ्यांना तेवढं पुरलं. कुणी म्हणालं, "जाऊ द्या शंकरभाऊ, नवे ढोल घ्या आता." हसत म्हणालं, पण म्हणालं. जेवताना आबा म्हणाले, "चांगला माणूस हो. पण यंदा त्याचा कुकर कोण बोलवंल?" माय पिठलं वाढत होती. मी भाकरीचा तुकडा तोडला आणि तो बोटांत चुरत बसले. "काहून जेवून नाही राहिलीस?" मायनं विचारलं. मी म्हणाले, परीक्षेचा शीण आहे.

दुसऱ्या दिवशी वसमतच्या एसटीत जागा असूनही मी उभीच होते. कॉलेजात कुठल्या तासाला काय शिकवलं ते आठवत नाही. परत आले तर कळलं, पाटलांनी वारंगा फाट्याहून दुसरा कुकर मागवलाय. शंकरभाऊंना ठरलेलं काम नको म्हणून निरोप धाडला होता. मी स्वतःला समजावत होते की दोन दिवसांत लोक विसरतील. मग वाटायचं, विसरणार नाहीत. मग वाटायचं, सांगून तरी हळद थोडीच पिवळी होणार. आणि सांगितलं तर कोण पाठवणार पोरं माझ्याकडं? आबा पारावर काय तोंड दाखवणार? हे सगळं मी विहिरीपर्यंत जाताना आणि येताना मनात बोलायचे, आणि घागर तशीच रिकामी घेऊन यायचे.

खळ्यावर हळद असल्यामुळे वर्ग शाळेच्या ओसरीत भरत होता. तिसऱ्या दिवशी पूनम आली, एका कोपऱ्यात बसली. ग्रहांचा खेळ सुरू करायची वेळ झाली तेव्हा मी म्हणाले, "मार्स, कम." ती उठली नाही.

"मला मंगळ न्हाई व्हायचं."

"काहून?"

ती काही बोलायच्या आत मागून दोघातिघांनी सूर लावला, "गंजका कुकर! गंजका कुकर!" सगळी हसली. पूनमनं दप्तर उचललं आणि निघाली. मी पोरांना गप्प करायला ओरडले, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. वर्ग तिथंच सोडला आणि सरळ गयाकाकूच्या आखाड्यावर गेले. चालत गेले की धावत, ते आता सांगता येणार नाही.

काकू हळदीतली लाल हळकुंडं वेगळी काढत बसली होती. मी उभ्याउभ्याच बोलले. चुन्याच्या रेघा, खराटा, पाणी, सारवलं नाही, सारवलं म्हणाले. सगळं एका दमात. काकूनं हात थांबवला.

"आयुष्यभर हळद-चुन्याचा लेप लावत आले मी," ती म्हणाली, "आन् मला कळू नये?" मग माझ्याकडं बघून, "विंग्रजी शिकवून राहिली होतीस का माह्या हळदीचं कुंकू करून राहिली होतीस?"

मी रडायला लागले.

"रडू नको. रडून मोकळी व्हायला बघू नको. मला सांगितलंस, ठीक. पण गंज गंज म्हणलं ते मी एकटीनं न्हाई. ज्यानं ज्यानं म्हणलं त्याच्या दारी जा आन् हेच सांग. आधी तांड्यावर जा."

घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि मोटरसायकल काढली. वाटेत एकदाच म्हणाले, "घट्ट धर." शंकरभाऊ कुकरजवळच होते, एका ढोलाला आतून घासत होते. मी सांगितलं ते त्यांनी ढोलाच्या कडेला हात ठेवून ऐकलं. मला वाटलं चिडतील. ते नुसते खाली बसले.

"दोन दिस मी याच ढोलात डोकं घालून गंज हुडकून राहिलो पोरी," ते म्हणाले. "लोकांचं सोड. मलाच वाटाय लागलं होतं, असंल बी." मग घराच्या दाराकडं बघून, "पूनमला लई बोललो मी. बापाचं नाव सांगती म्हणून. तिला काय म्हणू आता?"

पूनम दारामागं होती. तिची ओढणी दिसत होती. ती बाहेर आली नाही.

त्यानंतर दोन दिवस मी दारं फिरले. अकरा घरं. कुणी बस म्हणालं, चहा केला. कुणी म्हणालं, "एवढं शिकून हेच का?" पाटलीणबाईंनी ऐकून घेतलं आणि वारंग्याचा कुकर परत पाठवला, त्यांच्या शेतावर पुन्हा शंकरभाऊच आले. काकूची हळद पुढं पॉलिशच्या ढोलात फिरली तेव्हा साल निघून बराचसा लाल गेला. उरलेली तिनं घरी ठेवली आणि वर्षभर भाजीत घालून मला ऐकवत राहिली. चौघांनी पोरं पाठवायची बंद केली. आबा काही दिवस पारावर गेले नाहीत, मग जायला लागले. तिथं ते काय बोलले, मी विचारलं नाही.

पूनम पुढच्या सोमवारी आली. गुरू, शनी, धूमकेतू झाले. व्हाय विचारायची वेळ आली. पोरं एकेक करून विचारत गेली, ओसरीच्या टोकाला पूनमची पाळी आली. ती उभी राहिली. बहुतेक घरून जुळवून आणलं होतं, कारण एकेक शब्द तिनं दगड ठेवावा तसा ठेवला.

"ताई, व्हाय यू नॉट टेल? फर्स्ट डे?"

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मराठीत मी त्या आठवड्यात अकरा घरी बोलले होते. मराठीत मला आता सवय झाली होती, चूक झाली म्हणायची. पण तिनं इंग्रजीत विचारलं होतं आणि नियम माझाच होता. कॉलेजात पाठ केलेलं एकही वाक्य तिथं कामाचं नव्हतं.

"आय वॉज अफ्रेड," मी म्हणाले.

आणि पोरांनी ते उचललं. त्यांना काय ठाऊक. ताई इंग्रजीत बोलली की तीनदा म्हणायचं. "आय वॉज अफ्रेड. आय वॉज अफ्रेड. आय वॉज अफ्रेड." शाळेच्या पत्र्याखाली एका सुरात, शेजारच्या रस्त्यावर ऐकू जाईल असं. त्यांना थांबवायला माझा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. पूनम त्यांच्याबरोबर म्हणाली नाही. ती उभीच होती. पोरं थांबल्यावर तिनं विचारलं,

"अफ्रेड म्हंजे?"

"भ्याले होते."

"कोणाला?"

"काकूला. आबांना. लोकांना." मग म्हणाले, "तुलाही."

"मला?" तिला ते खरं वाटलं नसावं. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, जसं एखादं उत्तर पुरेसं आहे की नाही हे बघायची तसं. मग खाली बसली, दप्तरातून वही काढली, पेन्सिलीला थुंकी लावली.

"फळ्यावर लिवा," ती म्हणाली.

मी लिहिलं. लिहिताना मान वळवून तिच्याकडं बघत होते, त्यामुळे शेवटची अक्षरं खाली घसरली. तिनं मान वर करून बघितलं आणि तशीच, खाली घसरलेली, वहीत उतरवून घेतली.